अठरा क्रेडिट्सचं काय करायचं? एम.एस्सी.च्या अभ्यासमंडळांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या प्राणिशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र अभ्यासमंडळांचे मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य

सप्रेम नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात एम.एस्सी.च्या वर्गांना इकॉलॉजी आणि उत्क्रांती शिकवते. परीक्षक म्हणून इतर महाविद्यालयांतही जाणं होतं, त्यामुळे पुढे जे लिहिते आहे ते केवळ माझ्या वर्गाबद्दल नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२३-२४ पासून पदव्युत्तर अभ्यासक्रमाची मांडणी बदलली. त्या मांडणीतून पहिले विद्यार्थी बाहेर पडले आहेत आणि काय जमलं, काय नाही, हे आता दिसू लागलं आहे. दुरुस्ती करायची तर ती आत्ताच, म्हणून हे पत्र.

दोन वर्षांची मिळून ८८ क्रेडिट्स. त्यांत पहिल्या सत्रात रिसर्च मेथडॉलॉजीची ४, दुसऱ्या सत्रात ऑन जॉब ट्रेनिंग किंवा फील्ड प्रोजेक्टची ४, तिसऱ्या आणि चौथ्या सत्रात संशोधन प्रकल्पाची अनुक्रमे ४ आणि ६. बेरीज १८. म्हणजे पदवीचा जवळजवळ पाचवा हिस्सा विद्यार्थ्याने स्वतः प्रश्न काढून, स्वतः नोंदी घेऊन, स्वतः उत्तर शोधावं यासाठी राखून ठेवलेला आहे. इतकी मोकळीक आम्हा शिक्षकांना यापूर्वी कधी मिळाली नव्हती. माझी मागणी एकच आहे. ज्यांना इकॉलॉजी आणि उत्क्रांतीकडे वळायचं आहे त्यांच्यासाठी ही १८ क्रेडिट्स एकमेकांना जोडा, त्यांतून दोन वर्षांचं एक सलग प्रशिक्षण उभं करा आणि परीक्षाही त्याच प्रशिक्षणाची घ्या.

आज या तिन्हींचा एकमेकांशी काही संबंध येत नाही. रिसर्च मेथडॉलॉजीच्या पेपरात संशोधनाचे प्रकार, गृहीतकाची व्याख्या, संदर्भसूची कशी करावी, आणि शेवटी तयार आकडे देऊन सोडवायचं काय-स्क्वेअर या सांख्यिकी चाचणीचं एखादं गणित. फील्ड प्रोजेक्टच्या नावाखाली कुणी पॅथॉलॉजी लॅबमध्ये हजेरी लावतो, कुणी मत्स्यबीज केंद्रातून प्रमाणपत्र आणतो. लॅबमधल्या कामाला मी कमी लेखत नाही, ज्याला तिथे जायचं आहे त्याने तिथेच जावं. पण ज्या मुलीला बेडकांवर किंवा गवतांवर काम करायचं आहे तिलाही तिथेच पाठवलं जातं, कारण दुसरी सोय नसते. चौथ्या सत्रात मग अमुक तालुक्यातील पक्षी, तमुक तलावातील प्लवक अशी यादी स्पायरल बाइंडिंग होऊन येते. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, मी विचारते, ही यादी कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे? मुलं गप्प होतात. त्यांना हा प्रश्न याआधी कुणी विचारलेलाच नसतो.

याची किंमत वर्गाबाहेर मोजावी लागते. रत्नागिरी-सिंधुदुर्गातले जांभ्याचे सडे, म्हणजे उघडी दगडी पठारं घ्या. सातबाऱ्यावर यातली पुष्कळ जमीन पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी म्हणून लागलेली असते. एप्रिलमध्ये सड्यावर गेलात तर काळपट दगड आणि वाळलेलं गवत, बाकी काही नाही. पाऊस सुरू झाला की त्याच दगडाच्या खाचेतल्या बोटभर मातीतून दीपकाडी वर येते. मग गेंद, मग सीतेची आसवं, जी चिमुकल्या फुग्यांत सूक्ष्म जीव पकडून खातात. डबक्यांत बेडूक अंडी घालतात आणि डबकं आटायच्या आत त्यांच्या पिल्लांना पाण्याबाहेर पडायचं असतं. ऑक्टोबर संपता संपता सगळा कारभार आवरलेला असतो. आता २००६ च्या अधिसूचनेनुसार होणारं पर्यावरणीय आघात मूल्यांकन बघा. पायाभूत माहितीसाठी पावसाळा वगळून एका हंगामाच्या नोंदी अनेक प्रकल्पांना पुरतात. सड्याच्या बाबतीत पावसाळा वगळणं म्हणजे सडाच वगळणं. असे अहवाल तयार करणाऱ्या सल्लागार कंपन्यांमध्ये आपलेच एम.एस्सी. झालेले विद्यार्थी नोकरीला लागतात. कोणत्या महिन्यात, किती ठिकाणी, कशा पद्धतीने मोजलं तर त्या मोजण्याला अर्थ राहील, हे त्यांना आपण शिकवलं नसेल, तर अहवालातल्या ‘उल्लेखनीय वनस्पती आढळल्या नाहीत’ या वाक्याची जबाबदारी आपल्यावरही येते.

गावोगावच्या लोक जैवविविधता नोंदवह्यांचंही तेच. २००२ च्या जैविक विविधता कायद्याखाली स्थानिक समित्यांनी त्या करायच्या आहेत, आणि माहिती जमवायला पुन्हा आपल्याकडच्याच मुलांना बोलावतात. गावातल्या म्हाताऱ्या गुराख्याशी बोलून त्याची माहिती नीट उतरवून घेणं, त्याने सांगितलेलं झाड स्वतः जाऊन बघणं, नमुना दाबून ठेवणं, ओळख पक्की करून घेणं, ही कामं शिकवावी लागतात. ती आपोआप येत नाहीत.

आता हे प्रशिक्षण म्हणजे नक्की काय, यासाठी फार शोधाशोध करायला नको. १९६३ मध्ये काही विद्यापीठांनी एकत्र येऊन कोस्टा रिकात ‘ऑर्गनायझेशन फॉर ट्रॉपिकल स्टडीज’ ही संस्था काढली. तिच्या पदव्युत्तर फील्ड कोर्सने उष्णकटिबंधाचा अभ्यास करणाऱ्या इकॉलॉजिस्टांच्या पिढ्या घडवल्या. पद्धत साधी आहे. विद्यार्थी काही आठवडे वेगवेगळ्या फील्ड स्टेशनांवर मुक्कामाला असतात. सकाळी प्रश्न ठरतो, दिवसभर मोजणी चालते, संध्याकाळी आकड्यांची छाननी आणि रात्री सगळ्यांसमोर मांडणी. दोन-तीन दिवसांत एक छोटा अभ्यास पुरा होतो, मग दुसरी जागा, दुसरा प्रश्न. शिक्षक सुरुवातीला वाट दाखवतात आणि हळूहळू बाजूला होतात. प्रश्न चुकला तरी चालतं, कारण दोन दिवसांनी नवा प्रश्न काढायचाच असतो.

आपल्या देशातही हे झालं आहे. डेहराडूनच्या वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूटमध्ये १९८८ पासून वन्यजीव विज्ञानाची एम.एस्सी. आहे. बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात (एनसीबीएस) २००४ पासून वन्यजीवशास्त्र आणि संवर्धनाची एम.एस्सी. चालते. तिथेच भारतीय विज्ञान संस्थेत १९८३ मध्ये माधव गाडगीळ यांनी परिसंस्था विज्ञान केंद्र उभं केलं. हार्वर्डहून पीएच.डी. करून परतलेल्या या पुण्याच्या माणसाने विल्यम बॉसर्ट यांच्यासोबत १९७० मध्ये लिहिलेला शोधनिबंध, म्हणजे आयुष्यात पुनरुत्पादन कधी आणि किती करावं याचं उत्क्रांतीच्या अंगाने केलेलं गणित, आजही जगभर शिकवला जातो. आपल्या किती एम.एस्सी.च्या वर्गांत तो वाचला जातो? पुण्यात आबासाहेब गरवारे महाविद्यालयाने जैवविविधतेची स्वतंत्र एम.एस्सी. चालवून दाखवली आहे. म्हणजे महाराष्ट्रातल्या साध्या महाविद्यालयात हे जमत नाही, असं म्हणायला जागा नाही. पण डेहराडून-बंगळूरच्या जागा मोजक्या. तिथवर न पोचणाऱ्या, पण त्याच आवडीच्या, त्याच कुवतीच्या मुलांचा वाली कोण? ती आपल्याकडे येतात. त्यांतल्या अनेकांच्या घरामागे डोंगर असतो.

पैसा लागेल, उपकरणं लागतील, असं बैठकांत नेहमी बोललं जातं. म्हणून एक उदाहरण जरा तपशिलात लिहिते.

जे. बी. एस. हॉल्डेन १९५७ मध्ये इंग्लंड सोडून कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले, पुढे भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. उत्क्रांतीला गणिताची बैठक देणाऱ्या तिघा-चौघांत त्यांचं नाव येतं. इथे आल्यावर त्यांनी तरुण सहकाऱ्यांना सांगितलं, महागड्या यंत्रांची वाट बघू नका, जे समोर आहे ते मोजा. त्यांच्या एका सहकाऱ्याने प्राजक्ताच्या फुलांच्या पाकळ्या मोजल्या. प्राजक्ताला ठरावीक पाकळ्या नसतात. कुठे पाच, कुठे सहा, सात, आठसुद्धा. हॉल्डेन यांचे सहकारी जयकर आणि पत्नी हेलन स्परवे यांनी माळटिटवीच्या घरट्यांचं निरीक्षण करून लिहिलेला अभ्यास १९६५ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या (बीएनएचएस) जर्नलमध्ये छापून आला. भर उन्हाळ्यात उघड्या माळावर अंडी घालणारा पक्षी, आणि निरीक्षकाकडे दुर्बीण, वही आणि चिकाटी.

प्राजक्ताचं उदाहरण मी मुद्दाम घेते, कारण त्यातून रिसर्च मेथडॉलॉजीचा अर्धा पेपर शिकवून होतो. पावसाळा सरताना सकाळी लवकर मुलांना झाडाखाली नेलं की सडा पडलेला असतो. शंभर फुलं उचला, पाकळ्या मोजा, आलेख काढा. कुणीतरी लगेच म्हणतं, सर्वांत जास्त सहा. मग विचारायचं, हे कशाबद्दल बोलतो आहोत आपण? या झाडाबद्दल की प्राजक्ताबद्दल? शंभर फुलं खरी, पण झाड एकच. त्याच झाडाची आणखी हजार फुलं मोजली तरी दुसऱ्या झाडाबद्दल काही कळणार नाही. मुलांच्या चेहऱ्यावर गोंधळ दिसतो आणि तिथून खरी शिकवणी सुरू होते. मग ती स्वतःच सांगू लागतात: वीस झाडं घेऊ, प्रत्येकाखालची थोडी थोडी फुलं घेऊ, काही झाडं देवळाजवळची, काही रस्त्याकडेची. झाडाझाडांतला फरक मोठा की एकाच झाडाच्या फुलाफुलांतला? हंगाम पुढे सरकतो तशी सरासरी हलते का? हा फरक कलमात तसाच उतरतो का, की बियांच्या रोपात बदलतो? पहिले दोन प्रश्न इकॉलॉजीच्या मोजणीचे, तिसरा थेट उत्क्रांतीच्या दारात नेणारा. कारण जो फरक पुढच्या पिढीत उतरत नाही त्यावर नैसर्गिक निवड काम करू शकत नाही.

एकाच झाडाची शंभर फुलं म्हणजे शंभर स्वतंत्र नोंदी समजण्याच्या या गफलतीवर स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये एक प्रसिद्ध लेख लिहिला. छापून आलेल्या कितीतरी शोधनिबंधांत त्यांना ती सापडली होती. आपल्या प्रकल्पांत तर ती सर्रास असते: चराईबंद केलेला एक तुकडा, चराईचा एक तुकडा, दोन्हींत पाच-पाच क्वाड्रॅट, म्हणजे मोजणीचे चौकोन, टाकले आणि दोन सरासऱ्यांची तुलना करणारी टी-टेस्ट लावली. तुकडे दोनच आहेत याकडे कुणाचं लक्ष जात नाही. तयार आकड्यांवर परीक्षा घेतो तोवर जाणारही नाही, कारण आकडे कसे आले हे विद्यार्थ्याने पाहिलेलंच नसतं. माझी विनंती आहे की रिसर्च मेथडॉलॉजीचे किमान निम्मे गुण विद्यार्थ्याने स्वतः गोळा केलेल्या माहितीवर ठेवावेत, आणि विश्लेषण ‘आर’मध्ये करून घ्यावं. ते सॉफ्टवेअर फुकट आहे आणि जुन्या संगणकावरही चालतं.

प्रात्यक्षिकांबद्दल थोडं. २०१४ मध्ये यूजीसीने प्राण्यांचं विच्छेदन बंद केलं. ते योग्यच झालं असं माझं मत आहे, पण त्याने मोकळे झालेले तास तक्त्यांनी आणि संगणकावरच्या चित्रांनी भरले. इकॉलॉजीचं प्रात्यक्षिक म्हणजे विंकलर पद्धतीने पाण्यातला ऑक्सिजन काढणं, हे तर पिढ्यान् पिढ्या चालू आहे. बाटलीत पाणी आणायचं, टायट्रेशन करायचं, एक आकडा जर्नलमध्ये लिहायचा. तेच टायट्रेशन एकाच तळ्यावर पहाटे आणि भर दुपारी केलं, शेवाळलेल्या कडेला आणि मध्यावर केलं, तर रात्रभर चाललेलं श्वसन आणि दिवसाचं प्रकाशसंश्लेषण मुलांना आकड्यांत दिसतं. रसायनं तीच, बाटल्याही त्याच. फक्त प्रात्यक्षिकाच्या यादीत ‘ऑक्सिजनचे प्रमाण काढणे’ असं न लिहिता ‘तळ्यातील ऑक्सिजन वेळ आणि जागेनुसार का बदलतो ते शोधणे’ असं लिहायचं आणि सकाळी सहाला तळ्यावर जायची मुभा द्यायची.

उत्क्रांतीच्या शिकवणीबद्दल मला अधिक काळजी वाटते. २०२३ मध्ये एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून डार्विनचा उत्क्रांतिवाद काढल्यावर देशभरातल्या १८०० हून अधिक शास्त्रज्ञांनी आणि शिक्षकांनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या. ते व्हायलाच हवं होतं. पण जिथे उत्क्रांतीला पूर्ण पेपर आहे त्या एम.एस्सी.त आपण ती कशी शिकवतो? लामार्क, डार्विन, ह्यूगो द व्रीस, आधुनिक संश्लेषण, पुरावे: एक, दोन, तीन, चार. विचारांचा इतिहास म्हणून हे हवंच. मात्र वर्षाच्या शेवटी मी फळ्यावर वंशवृक्ष, म्हणजे कोणता जीव कोणाच्या किती जवळचा ते दाखवणारी फांद्यांची आकृती, काढून विचारते, मगर पालीच्या जवळची की चिमणीच्या? बहुतेक हात पालीसाठी वर होतात. उत्तर चिमणी आहे, आणि ते झाडाच्या फांद्या वाचता आल्या तर अर्ध्या मिनिटात कळतं. वंशवृक्ष वाचता न येणारा विद्यार्थी आजच्या जीवशास्त्रातला जवळपास कुठलाही शोधनिबंध पुरता समजू शकत नाही, मग तो विषाणूवरचा असो की सह्याद्रीतल्या पालींवरचा.

निवड ही घडताना मोजता येते, हेही आपण शिकवत नाही. पीटर आणि रोझमेरी ग्रँट यांनी १९७३ पासून गॅलापागोसच्या डॅफ्ने मेजर बेटावर फिंच पक्ष्यांना कडी घालून पिढ्यान् पिढ्या नोंदी ठेवल्या. १९७७ च्या दुष्काळात छोटं बी संपलं, मोठं कठीण बी उरलं, आणि ज्यांची चोच जाड होती ते पक्षी अधिक वाचले. पुढच्या पिढीच्या चोचीही सरासरीने जाड निघाल्या. किती वाचले, त्यांची चोच किती, पिल्लांची किती, हे आकडे घेऊन निवडीचा जोर आणि तिला मिळालेला प्रतिसाद मुलांना वहीवर काढता येतो. तासाभराचं काम आहे. ते एकदा केलं की ‘बळी तो कान पिळी’ म्हणजे उत्क्रांती असा समज आपोआप गळून पडतो.

आणि उदाहरणं परदेशातलीच कशाला? राघवेंद्र गदगकर यांनी रोपालिडिया मार्जिनाटा या गांधीलमाशीवर अनेक दशकं काम केलं. ती खिडकीच्या चौकटीवर, छपराच्या वाशाला कागदी पोळं करते. माश्यांना रंगाचे ठिपके लावून एकेकीला ओळखायचं आणि कोण काय करतं ते लिहीत बसायचं. राणी शांत असते. तिला काढून घेतलं की कामकऱ्यांपैकी एक एकाएकी आक्रमक होते आणि काही दिवसांत तीच नवी राणी होते. बाकीच्या स्वतःची पिल्लं न काढता तिची पिल्लं का वाढवतात, या प्रश्नावर नातलगांना मदत करणं उत्क्रांतीत कधी परवडतं ते सांगणारा हॅमिल्टनचा नियम शिकवता येतो, आणि ती पोळी आपल्या प्रयोगशाळेच्या खिडकीबाहेरच लटकलेली असतात. कारवी घ्या. सह्याद्रीत ती सात-आठ वर्षांनी एकदाच, सगळी मिळून फुलते, बी टाकते आणि मरते. एकेकटं झुडूप आपल्या वेळेला का फुलत नाही? डॅन जॅन्झेन यांनी १९७६ मध्ये बांबूच्या सामूहिक फुलोऱ्याबद्दल मांडलं होतं की एकदम इतकं बी पडलं की खाणारे खाऊन खाऊन थकतात आणि तरी बी उरतं. जे रोप वेळ चुकवेल त्याचं सगळं बी फस्त होईल. कारवीला हे लागू पडतं का? हे तपासायचं तर काय मोजावं लागेल? असा प्रश्न परीक्षेत दहा गुणांना विचारा. पाठांतर करून आलेल्याला तो सुटणार नाही, आणि विचार करणाऱ्याला पुस्तक उघडं ठेवून दिलं तरी हरकत नाही.

प्राध्यापकी आणि संशोधनासाठीच्या नेट परीक्षेच्या लाइफ सायन्सेसच्या अभ्यासक्रमातल्या १३ घटकांपैकी दहावा इकॉलॉजीचा आणि अकरावा उत्क्रांती व वर्तनाचा आहे. गेट या प्रवेशपरीक्षेत तर इकॉलॉजी आणि उत्क्रांतीचा स्वतंत्र पेपर आहे. त्यांतले प्रश्न आलेख वाचायला लावणारे, तर्क करायला लावणारे असतात. आपली मुलं तिथे मागे पडतात ती इंग्रजीमुळे किंवा खेड्यातून आली म्हणून, असं म्हणणं सोपं आहे. आपण त्यांना तसा सराव दिलेला नाही, हे खरं कारण आहे.

इंग्रजीचा विषय निघालाच आहे तर सांगते. फील्डवरची वही मुलांना मराठीत लिहू द्या आणि व्हायवाही मराठीत देऊ द्या. अंतिम अहवाल इंग्रजीत मागा, तो लिहायला शिकणं गरजेचंच आहे. पण ओढ्याकाठी उभं राहून जे दिसतं ते टिपताना भाषेशी झगडावं लागलं तर निरीक्षणच तोकडं होतं. मी पाहिलं आहे, इंग्रजी वहीत ‘मेनी बर्ड्स’ लिहिणारी मुलगी मराठीत लिहिताना कुठला पक्षी कोणत्या फांदीवर, कुणाला हुसकत होता, सगळं लिहिते. आणि मराठीतल्या नोंदींना विज्ञानात जागा नाही असं तर मुळीच नाही. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पश्चिम महाराष्ट्रातल्या जुन्या ओव्या आणि आख्यानांतले झाडा-गवतांचे उल्लेख तपासून असं मांडलं गेलं की इथली माळरानं ही जंगल तुटून उरलेली पडीक जमीन नसून शेकडो वर्षं जुनी परिसंस्था आहे. दर जुलैत विद्यार्थ्यांना घेऊन त्याच माळांवर खड्डे खणून झाडं लावणाऱ्या आपल्या महाविद्यालयांनी तरी हे वाचायला हवं.

अडचणी मला ठाऊक आहेत. संरक्षित क्षेत्रात काम करायला वनविभागाची परवानगी लागते आणि ती मिळायला वेळ जातो. यावर उपाय असा की एम.एस्सी.च्या प्रशिक्षणासाठी अभयारण्यात जायची गरजच नाही. माळ, सडा, पाणंद, ओढा, देवराई, महाविद्यालयाचं आवार पुरेसं आहे. पकडापकडी न करता पाहणं-मोजणं आणि जागेच्या मालकाला, गावाला विचारून जाणं, एवढं पाळलं की बरंच काही करता येतं. आंबोलीत हिरण्यकेशीच्या देवळाच्या कुंडातला मासा नवी प्रजाती म्हणून २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, पुढच्याच वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ जाहीर झाली. भाविकांची रोजची ये-जा असलेली जागा आहे ती. कोकणातल्या सड्यांवर सैल दगडांखाली कोण राहतं आणि सडा, पडीक भातखाचरं, बागा यांत काय फरक पडतो, हा अभ्यासही अलीकडे झाला आहे. दगड हलकेच उचलायचा, नोंद करायची, होता तसा परत ठेवायचा.

मुलींचा प्रश्न खरा आहे आणि तो बाजूला सारून चालणार नाही, कारण आमच्या वर्गांत मुलीच जास्त आहेत. पालक रात्रीच्या मुक्कामाला नाही म्हणतात ते बहुतेकदा काळजीने, आणि त्या काळजीला उत्तर द्यायची जबाबदारी संस्थेची आहे. मुक्कामाची जागा आधी पाहून येणं, स्वच्छतागृह, सोबत शिक्षिका, पालकांना रीतसर पत्र आणि एक फोन. एवढं केलं तर बहुतेक घरांतून होकार येतो, हा माझा अनुभव आहे. ‘मुलींना झेपणार नाही’ म्हणून त्यांना परस्पर ग्रंथालयातला प्रकल्प देणारे विभाग आहेत. हे थांबलं पाहिजे.

राहिला शिक्षकांचा कार्यभार. चार क्रेडिट्सचा फील्ड प्रोजेक्ट म्हणजे एका क्रेडिटला ३० तास धरले तर १२० तास. ते तास शिक्षकाच्या कार्यभारात पूर्ण धरले जात नाहीत आणि खर्च बहुधा मुलांच्या आणि शिक्षकाच्या खिशातून होतो. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या सहकाऱ्यांना तर त्याचे पैसेही मिळत नाहीत. त्यांच्याकडून उत्साहाची अपेक्षा करण्याआधी हे सोडवा. शिवाय आमच्यापैकी अनेकांना स्वतःला हे प्रशिक्षण मिळालेलं नाही. महाविद्यालयीन शिक्षकांसाठीच्या मालवीय मिशनच्या प्रशिक्षण केंद्रांत नमुना-निवड, ‘आर’ आणि वंशवृक्ष-वाचन यांवर रिफ्रेशर कोर्स ठेवता येईल. पुण्यात आयसर, आघारकर संशोधन संस्था, भारतीय वनस्पती सर्वेक्षण (बीएसआय) आणि भारतीय प्राणी सर्वेक्षण (झेडएसआय) यांची प्रादेशिक केंद्रं आहेत, मुंबईत बीएनएचएस आहे. त्यांतली माणसं आनंदाने येतील.

अभ्यासमंडळाच्या येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर पुढील गोष्टी घ्याव्यात ही विनंती. पहिल्या सत्रातच विद्यार्थ्याने एक छोटा प्रश्न आणि एक जागा निवडावी आणि रिसर्च मेथडॉलॉजी त्या प्रश्नाभोवती शिकवली जावी. दुसऱ्या सत्रातला फील्ड प्रोजेक्ट सलग दहा-बारा दिवसांच्या मुक्कामी कोर्सच्या रूपात घेण्याची परवानगी द्यावी, आणि पावसाळ्याचा अभ्यास असेल तर सत्राच्या तारखा आड येऊ देऊ नयेत. तिसऱ्या-चौथ्या सत्राचा प्रकल्प त्याच जागेवर, त्याच प्रश्नाचा पुढचा भाग म्हणून व्हावा, म्हणजे निदान दोन हंगामांच्या नोंदी हाती येतील. मूल्यमापनात फील्डची वही आणि मूळ आकड्यांची फाइल पाहिली जावी आणि व्हायवा त्यावरच व्हावी. ‘अपेक्षित निष्कर्ष मिळाला नाही’ म्हणून गुण कापू नयेत. शोधनिबंध छापून आणण्याची सक्ती किंवा त्यासाठी जादा गुण नकोत. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचं त्याने फावतं आणि मुलांचे चार-पाच हजार रुपये जातात.

आणि शेजारच्या विद्यापीठांनी मिळून दोन-तीन फील्ड केंद्रं चालवावीत. कोकणात सड्यावर एक, घाटमाथ्यावर एक, सोलापूर-नगरकडच्या माळावर एक. नवी इमारत नको. बंद पडलेली आश्रमशाळा, एखाद्या महाविद्यालयाचं वसतिगृह सुट्टीत, पाण्याची टाकी, वीज आणि दोन मोठ्या खोल्या पुरेत. दरवर्षीच्या विद्यार्थ्यांच्या नोंदी तिथेच एका फाइलमध्ये राहिल्या तर दहा वर्षांनी त्या माळाबद्दल कुणालाही नसेल इतकी माहिती आपल्या विद्यार्थ्यांकडे असेल.

या कामाचा कच्चा आराखडा, प्रात्यक्षिकांची यादी आणि नमुना प्रश्नपत्रिका आम्ही काही शिक्षकांनी तयार केली आहे. बैठकीला बोलावलंत तर घेऊन येऊ. जूनच्या आत निर्णय झाला तर येत्या पावसाळ्यात पहिला कोर्स घेता येईल.

कळावे,

आपली,
एम.एस्सी. प्राणिशास्त्राची एक शिक्षिका
सातारा जिल्हा